मुराळी

पिशवी भरून दारामागे ठेवली होती, पण ती भरलेली आहे हे घरात कुणाला कळू नये अशी छायाची इच्छा होती. म्हणून तिनं पिशवीवर एक जुनी चादर टाकली होती. चादर टाकलेली पिशवी नुसत्या पिशवीपेक्षा जास्त डोळ्यांत भरते, हे काही तिच्या लक्षात आलं नाही. सून संजना केर काढताना तिच्या कडेकडेनं झाडू फिरवून गेली. पोरगी शहाणी होती.

आज छायाच्या माहेरी गावदेवीची जत्रा होती. माहेर कुठे लांब नव्हे. चौकहून कर्जतला जायचं, तिथून पळसदरीच्या पुढे थोडं आत. एरवी छाया मनात आलं की उठून जायची. रिक्षा बदलत, कुणाच्या टेंपोत बसून, कधी संजनाच्या स्कूटीवर मागे. भाऊ हर्षदच्या घरी चहा प्यायची, भावजय अपेक्षाशी गप्पा मारायची, संध्याकाळी परत. त्यात कसला मान नाही आणि अपमानही नाही.

पण जत्रेचं वेगळं होतं. जत्रेला लेकीनं आपल्या पायानं जायचं नसतं. तिला आणायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी आला तरच लेक निघते. त्या संध्याकाळी पालखी दारोदार फिरते, प्रत्येक दारात थांबते, आणि देवीची ओटी आधी त्या घरच्या लेकी भरतात, मग सुना. वर्षभर लेकी परक्या घरच्या, त्या एका संध्याकाळी त्यांचा नंबर पहिला.

छायाचे वडील आबाजी हे काम इतक्या थाटात करायचे की चौकच्या आळीत त्यांची वाट बघितली जायची. धुवट टोपी, काखेत छत्री, हातात कैऱ्या-करवंदांची पिशवी. घरात यायचे, पाणी प्यायचे, पण टेकायचे नाहीत. आधी छायाच्या सासूसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "लेकीला न्यायला आलोय. पाठवा." सासूला आठ दिवसांपासून माहीत असायचं, छायाची लुगडी घडी करून तयार असायची, तरी सासू कपाळाला आठ्या घालायची. "आता कशी पाठवू? घरात कामं पडलीत." मग आबाजी दोन शब्द गोड बोलायचे, सासू चार शब्द कुरकुरायची, आणि हे सगळं पार पडलं की मुराळ्याला ताट वाढलं जायचं. मुराळ्यानं उपाशी परतायचं नसतं. नवी नवरी असताना छायाला या नाटकाची लाज वाटायची. पुढे पुढे ती दाराआड उभी राहून एकेक शब्द कान देऊन ऐकायला लागली. कुणीतरी आपल्याला मागतंय आणि कुणीतरी सोडायला तयार नाही, हे वर्षातून एकदा ऐकायला मिळालं तर कोणत्या बाईला नको असतं?

सासू गेली, तेव्हा छायाला वाटलं आता हे संपलं. पण आबाजींनी जावयाला समोर उभं केलं. विठूचं हायवेला टायरचं गॅरेज. हात ग्रीसनं काळे, अंगात बनियन. सासरा समोर उभा राहून म्हणतोय, "लेकीला न्यायला आलोय, पाठवा," आणि हा बापडा म्हणतोय, "घेऊन जा की, मी कुठं अडवलंय?" आबाजी त्याच्यावर जाम चिडले होते. असं लगेच हो म्हणतात का? छाया स्वतः सासू झाली, केस पांढरे झाले, तरी आबाजी येतच राहिले. शेवटची काही वर्षं काठी टेकत, हर्षदच्या मोटरसायकलवर मागे बसून. हर्षद फाटकाशी गाडी लावायचा आणि तिथंच गाडीवर बसून मोबाईल बघायचा. आत काय चाललंय ते बघायला तो कधी आला नाही. जेवायला बोलावलं की यायचा, तेवढंच.

आबाजी मागच्या जत्रेच्या आधीच्या थंडीत गेले. आई आधीच गेलेली. मागच्या वर्षी घरात दुखवटा होता, जत्रेचा सण नव्हता, त्यामुळे प्रश्नच आला नाही. तो या वर्षी आला.

खरं सांगायचं तर छायाला जत्रेचं एवढं काही नव्हतं. पाळणे, भजी, बांगड्यांची दुकानं हे सगळं आता चौकलाही मिळतं. तिला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. आई नाही, बाप नाही, आता त्या घराला आपण कोण? हे तोंडानं विचारता येत नाही. विचारलं असतं तर हर्षद लगेच म्हणाला असता, "असं काय बोलतेस ताई, घर तुझंच हाय." आणि हे वाक्य ऐकावं लागणं हेच तर तिला नको होतं. ज्याचं घर असतं त्याला असं कुणी सांगत नाही.

विठू दहाच्या चहाला घरी आला तेव्हा त्यानं चादरीकडे एकदा बघितलं, बायकोकडे एकदा बघितलं.

"हर्षदचा फोन आलेला काय?"

"आलेला."

"काय बोलला?"

"ताई, कधी येतेस, बोलला. बघते, म्हटलं."

"बघते काय त्यात? माणसानं फोन केला, बोलवलं. अजून काय पायजे?"

छायानं त्याच्याकडे असं बघितलं की विठूनं आपला कप उचलला आणि ओट्यावर जाऊन बसला. बोलावणं आणि न्यायला येणं यांतला फरक पुरुषांना कळत नाही असं नाही. कळून घेतला तर उठावं लागतं, एवढंच.

संजनानं मात्र धीर केला. "आई, मी सोडू का तुमाला स्कूटीवरून? तासाभरात पोचू."

"कुठं?"

"जत्रेला."

"मी कुठं बोलले जत्रेला जाते म्हनून? माझी कंबर भरलीय सकाळपासनं."

संजना हसू दाबून आत गेली. तिचं स्वतःचं माहेर खोपोलीला. मनात आलं की ती स्कूटीला किक मारते आणि निघते. तिला आणायला कुणी येत नाही आणि ती कुणाची वाट बघत नाही. छायाला कधी तिचा हेवा वाटायचा, कधी कीव यायची, आणि यांतलं खरं कोणतं हे तिला सांगता आलं नसतं.

ऊन चढायला लागलं तेव्हा फाटकाशी हॉर्न वाजला.

छाया आत पळाली. पन्नाशीच्या पुढची, कंबर भरलेली बाई अशी पळते का, पण पळाली खरी. आरशात बघून पदर सारखा केला, कुंकू नीट केलं, आणि चेहऱ्यावर आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखा भाव आणून बाहेर आली. बाहेर पांढरी टुरिस्ट गाडी उभी होती. पुढचं दार उघडलं, एक पोरगेलासा ड्रायव्हर उतरला, आणि त्यानं दार लावून घेतलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"छायाताई तुमीच ना? मी रूपेश. हर्षददादांनी गाडी पाठवलीय तुमच्यासाठी. एसी हाय."

नुसता फोन करून काहीच पाठवलं नसतं तर विसरला म्हणून ती त्याला माफ करू शकली असती. पण त्यानं आठवण ठेवून ड्रायव्हर पाठवला होता. भाड्याचा मुराळी! आणि वर एसी.

पण दारात आलेल्या माणसावर राग काढायचा नसतो. तिनं रूपेशला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, संजनाला चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत तिनं मनातल्या मनात निरोप जुळवला: हर्षदला सांग, ताईच्या कंबरेत भरलंय, गाडीत बसवत नाही, देवीला हितूनच हात जोडते म्हणावं. निरोप चांगला जमला होता. कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

"दादा मंडपाच्या कामात हायत," रूपेश बशीत चहा ओतत म्हणाला. "मला बोलले, आधी चौकवरून ताईला घे, मग जाता जाता वावर्ल्याला आत्यांकडं विचार. तशा त्या फोनवर नाय बोलल्यात. गुडघं दुखतात, गाडीत बसवत नाय, देवीला हितूनच हात जोडते, असं म्हनल्यात. पन दादा बोलले, विचारून तर बघ."

छायाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

तिचाच निरोप होता. शब्दसुद्धा तेच. कंबरेच्या जागी गुडघे, एवढाच काय तो फरक.

येसूबाई ही आबाजींची बहीण, छायाची आत्या. वावर्ल्याच्या आत दिलेली. ऐंशीच्या घरातली, पण तिच्या गुडघ्यांना काय झालंय? मागच्याच महिन्यात कर्जतला एका लग्नात जेवण वरच्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद पडली होती. चाळिशीतल्या बायका खाली खुर्च्यांवर फतकल मारून बसल्या आणि आत्या जिना चढून, जेवून, विडा खाऊन खाली आली. ते गुडघे छायानं डोळ्यांनी बघितले होते. आत्याला काय दुखतंय ते दुसऱ्या कुणाला नाही तरी छायाला कळायला हवं होतं. आबाजी आधी वावर्ल्याला जायचे, बहिणीला आणायचे, मग चौकला यायचे, लेकीला न्यायला. दर वर्षी, न चुकता. अगदी काठी टेकत होते तेव्हाही आधी आत्या.

आणि आपण? आबा गेले म्हणून आपण वर्षभर आपलंच रडत बसलो. आत्याचाही भाऊच गेला होता की. तिला न्यायला आता कोण येणार, असा विचार एकदाही आपल्या मनात आला नाही. छायाला स्वतःची भयंकर लाज वाटली. हर्षदला नावं ठेवायला तिच्याकडे तोंडच उरलं नाही, म्हणजे निदान घटकाभर तरी.

"थांब जरा," ती रूपेशला म्हणाली. "मी येते."

संजना दारात आली. "निघालात?"

"आत्याला आनायला चालले वावर्ल्याला. तिला पळसदरीला सोडते आनि ह्याच गाडीनं परत येते."

"पिशवी?"

"कसली पिशवी?"

"चादरीखालची."

"राहू दे तिथंच," छाया म्हणाली, आणि सून आपल्याला बघून हसतेय हे न बघता गाडीत जाऊन बसली.

रस्ताभर तिनं मनाशी पक्कं केलं. आत्याला नेऊन पोचवायची. दारात सोडायची. आपण गाडीतून उतरायचं नाही. आपल्याला कुणी न्यायला आलेलं नाही आणि आपण ते विसरलेलोही नाही. आत्याचा मान वेगळा, आपला राग वेगळा. दोन्ही आपापल्या जागी ठेवायचे.

आत्याचं घर रस्त्यापासून थोडं आत, मागे डोंगर, पुढे मोकळं खळं. खळ्यात खाटेवर तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या होत्या आणि आत्या पडवीत काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसली होती. पण अंगावर जरीकाठाचं हिरवं लुगडं होतं, केस तेल लावून चापून बांधलेले, गळ्यात एकदाणी. कोंबड्या हाकलायला एवढा शृंगार कुणी करत नाही. तिनं गाडी बघितली आणि मान दुसरीकडे फिरवली. मग उतरणारी छाया दिसली तेव्हा मान परत वळली.

"छाये? तू कशी गं हिकडं?"

आत्याची सून विमलबाई हात पुसत बाहेर आली होती. छाया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बसली नाही. आबाजी कसे उभे राहायचे ते तिनं इतकी वर्षं दाराआडून बघितलं होतं. पण बघणं वेगळं. ते शब्द तोंडातून काढणं वेगळं.

"विमलवहिनी, आमच्या लेकीला न्यायला आलेय. पाठवा."

विमलबाई क्षणभर गोंधळली. मग तिनं सासूकडे बघितलं. सासू काठी विसरली होती, दोन कोंबड्या खुशाल पापड्यांवर चढल्या होत्या. विमलबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई मोठी गुणी. तिनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवला.

"आता ऐनवेळेला येता आनि पाठवा म्हनता? एवढ्या पापड्या घातल्यात वाळत. राखन कोन करनार?"

"दोन दिसांचा तर सवाल हाय, वहिनी. परवा आनून सोडते."

"परवा परवा म्हनतात आनि आठ आठ दिस ठेवून घेतात तुमी माहेरवाले. मागच्या खेपेला काय झालं?"

"नाय ठेवत. देवीची शप्पथ."

"बघा बरं," विमलबाई म्हणाली. "आमच्या घरातलं मानूस हाय ते. आमाला बी लागतं." एवढं बोलताना मात्र तिचं नाटक सुटलं आणि डोळे भरून आले, कारण ते खरंच होतं.

आत्या नुसती बघत होती, एकदा सुनेकडे, एकदा भाचीकडे. तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिनं ते पुसलं नाही. मग काठीचा आधार न घेता ताडकन उठली. गुडघे अजिबात दुखत नव्हते.

मुराळ्याचं जेवण झाल्याशिवाय निघता आलं नाही. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कैरीची आमटी. रूपेशही जेवला. त्याला काही समजलं नव्हतं, पण ड्रायव्हरच्या धंद्यात इतकं चांगलं जेवण रोज मिळत नाही, म्हणून त्यानं काही विचारलं नाही.

गाडी रस्त्याला लागल्यावर आत्या काचेतून बाहेर बघत राहिली. कर्जत आलं, मागे पडलं. मग तिनं एकदम विचारलं, "तुझ्याकडं कोन आलेलं गं?"

छायानं पुढे ड्रायव्हरकडे बोट केलं. "हा आला की. रूपेश."

"ह्यो कोन?"

"गाडीवाला."

"अस्सं," आत्या म्हणाली. नंतर पळसदरी येईपर्यंत ती डोळे मिटून बसली होती. छायाला वाटलं, झोप लागली असेल.

घराच्या दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं, समोर मंडपाचे बांबू उभे होते, ताशावाले सावलीत बसून ताशे शेकत होते. हर्षद मंडपातून धावत आला. खरोखर आनंदानं आला. पोरगा वाईट नव्हताच कधी. "आत्या! आलीस? आणि मला फोनवर नाय बोललीस?" त्यानं तिला हात देऊन उतरवलं. अपेक्षा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आली, आत्यावरून ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं.

"ताई, उतर ना," हर्षद म्हणाला.

"नाय रं. मी आत्याला सोडायला आलेली. घरी कामं हाईत."

"अगं पण जत्रा..."

"माझी कंबर भरलीय सकाळपासनं. तुमी करा. रूपेश, घे गाडी."

हर्षदनं डोकं खाजवलं. तेवढ्यात मंडपातून कुणीतरी त्याला हाक मारली. तो तिकडे वळला, परत इकडे वळला. "बरं, मग असं कर ना, संध्याकाळी परत गाडी पाठवतो. पालखीच्या आधी ये. रूपेश, पाच वाजता परत जाशील ना रं चौकला?"

छायानं काचेकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं होतं आपण चिडू. पण चीड आलीच नाही. नुसतं आतून रिकामं रिकामं झालं. आता कळलं, तिनं मनात म्हटलं. जे कळून घ्यायचं होतं ते कळलं. आपण या घरच्या पाहुण्या. चांगल्या पाहुण्या, एसी गाडीतून आणायच्या, पण पाहुण्या.

आत्या उंबऱ्याशी पोचली होती. एक पाय आत टाकण्याच्या बेतात होती. ती तशीच थांबली.

"हर्षद, हात दे."

"आत चल ना आत्या, बस. ऊन हाय."

"हात दे म्हनते ना."

त्यानं हात दिला. आत्या मागे फिरली, पायरी उतरली आणि गाडीशी आली. पायांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं, तळव्यांना माती लागत होती. अपेक्षा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली.

"मी हितवर कशी आले रं?" आत्यानं विचारलं.

"गाडीनं."

"गाडीनं मला उचलून आनलं काय? गाडी येनार म्हनून तू फोन केलेलास ना? मी काय बोलले?"

"नाय बोललीस. गुडघं..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? ही आली माझ्या दारात. इमलसमोर उभी राहिली. मला मागितलं. तेव्हा मी उठले." आत्यानं छायाकडे बोट केलं. "हिच्या दारात कोन गेलं?"

"गेला ना, रूपे..." म्हणता म्हणता हर्षद अर्ध्यावर थांबला. त्यानं रूपेशकडे बघितलं. रूपेशनं स्टिअरिंगकडे बघितलं.

"अगं आत्या, पण ताई आता दारातच हाय की."

"दारात हाय रं," आत्या म्हणाली. "घरात नाय."

हर्षद वाकला आणि काचेतून बहिणीकडे बघायला लागला. छाया तोंड वळवून बसली होती, पण तिचे खांदे त्याला दिसत होते. ते हलत होते.

"ताई," तो म्हणाला, "मला कोनी सांगितलंच नाय गं कधी."

छाया गर्रकन वळली. डोळे लाल, नाक लाल. "आबा तुला दर साली बरोबर आनायचे, ते काय पेट्रोल भरायला?"

मंडपातून हर्षदला परत हाक आली. त्यानं ऐकली नाही. तो कितीतरी वर्षं चौकच्या फाटकाशी मोटरसायकलवर बसून होता आणि आत त्याचा बाप त्याला शिकवण्यासाठी उभा होता, हे त्याला आज कळत होतं. कळायला उशीर झाला होता. शिकवणारा आता नव्हता.

"बरं, उतरते मी," छाया नाक पुसत म्हणाली. भावाचा चेहरा तिला बघवेना. "झालं ते झालं. सरक, दार उघडू दे."

"नाय," हर्षद म्हणाला. "तू उतरू नकोस."

त्यानं पलीकडचं दार उघडलं, आत येऊन तिच्या शेजारी बसला आणि दार ओढून घेतलं. "रूपेश, चौकला घे."

"आता?" रूपेश म्हणाला. "मी आत्ताच तर तिकडून..."

"हां, आता. भाऊजींना विचारायचं हाय."

"खुळा झालास काय?" छाया ओरडली. "तुझं मंडपाचं काम पडलंय तसंच. संध्याकाळी पालखी हाय. मी आलेय ना हितवर, बास झालं की!"

"गप बस तू, ताई."

"लोकं काय म्हनतील? दारात येऊन परत गेली!"

"जा रं तिला घेऊन," आत्या बाहेरून म्हणाली. ती आता उंबऱ्याकडे वळली होती, अपेक्षाचा हात धरून. "आनि जेवून या तिथनं. पालखीची काळजी नको. लेकी आल्याबिगर देवी ह्या दारासनं हलत नाय."

रूपेशनं गाडी वळवली. ताशावाले माना वर करून बघत राहिले. हर्षद पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांवर, परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "ताई, बोलायचं काय असतं नक्की? पाठवा, एवढंच? आणि भाऊजी लगेच हो बोलले तर?"

छायाला हसू आलं आणि हसता हसता परत रडू आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, मोबाईल काढला आणि घरी फोन लावला.

"संजना, भात टाक. आनि तुझ्या सासऱ्यांना गॅरेजमधून बोलाव, हात धुवून बसायला सांग. लगेच हो बोलायचं नाय म्हनावं."

"का, काय झालं आई? कोन येतंय?"

"माझा भाऊ येतोय," छाया म्हणाली. "मला न्यायला."